जिप्सी किंग १९९८ : कार्बोरेटरच्या जागी नंतरच्या सालाचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचा आहे

शाहूपुरीकर

मंडळी, गाडी घरची आहे, वडिलांनी १९९८ साली घेतलेली जिप्सी किंग. २०१९ च्या पुरात वेळेवर जाग आली होती, गाडी कोल्हापुरातच टेंबलाईच्या टेकडीकडे चढावर नेऊन लावली आणि वाचली. जुलै २०२१ ला मात्र रात्रीत पाणी चढलं. आम्ही आजीला आणि फ्रीजला वरच्या मजल्यावर न्यायच्या गडबडीत, गाडी गल्लीतच राहिली. तीन दिवस बोनेटपर्यंत पाणी. उतरल्यावर शेजारच्या एका उत्साही पोरानं 'बघूया तरी' म्हणून सेल्फ मारला. एकदाच खट्ट झालं. तेव्हापासून ताडपत्रीखाली आहे.

आता वडील म्हणतात, एकदा तरी हिच्यातनं पन्हाळ्याला जायचं. सांगली जिल्ह्यात एकाकडे २००६ ची एमपीएफआय किंग मिळतेय. मागनं ट्रकनं चेपलेली आहे, पण पुढचा भाग शाबूत. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स माझ्या गाडीत सरळ बसेल का? माझाच गिअरबॉक्स ठेवला तर? आणि कागदाचं काय? फिटर लोक तोंडावर 'होतंय की' म्हणतात आणि पुढं काही सांगत नाहीत.

नाद_एकच

इंजिनाचं नंतर बघू. आधी सेल्फ मारणाऱ्या पोराचा पत्ता टाका.

पुणेरी_पाना

फार विचार करू नका. दोन्ही इंजिनं १२९८ सीसी, दोन्ही सुझुकीच्या जी१३ घराण्यातली. त्यापेक्षा मारुती एस्टीमचं इंजिन घ्या, जास्त मिळतात, स्वस्त पडतं. एका दिवसात बसतं. गिअरबॉक्सला हात लावू नका.

लेथवाला_उद्यमनगर

पाना साहेब, एका दिवसात बसतं खरं, पण कुठल्या गाडीत ते सांगा की. एस्टीम पुढच्या चाकांवर ओढणारी, तिचं इंजिन आडवं. जिप्सीचं उभं, मागं गिअरबॉक्स, आणि पोटाखालनं पुढचा ॲक्सल गेलेला. घराणं एकच असलं तरी आडव्या इंजिनाचं ऑइल चेंबर, आतला स्ट्रेनर, फ्लायव्हील, फाउंडेशनचे ब्रॅकेट, मॅनिफोल्डचं तोंड हा सगळा आडव्या घरचा संसार. तो उतरवून जिप्सीचा चढवायला लागतो. ज्याच्याकडं जिप्सीचं जुनं इंजिन सुट्या भागांसाठी पडलंय त्याला परवडतं. शाहूपुरीकरांना आख्खी जिप्सी मिळत असताना एस्टीमच्या मागं लागायचं काय काम?

आता मूळ प्रश्न. जून १९९६ ला किंग आली ती ८ व्हॉल्व्हच्या जी१३बीए वर, कार्बोरेटर, ६० बीएचपी. मार्च २००० ला आलं १६ व्हॉल्व्हचं जी१३बीबी, इंजेक्शन, ८० बीएचपी. या दोघांची गिअरबॉक्सला लागणारी तोंडं सारखी. भोकाला भोक जुळतं. तेव्हा लोखंडाचं म्हणाल तर बसतं. बोनेटला पण किंगचा फुगा आहेच.

गिअरबॉक्स तुमचा ठेवला तरी चालेल, दोन्ही पाचचे. पण तुमचा तीन दिवस पाण्यात होता. खालचा बोल्ट काढून बघा. हिरवट-काळं ऑइल आलं तर नशीब. दुधाचा चहा आला, म्हणजे ऑइलात पाणी मिसळलेलं असलं, तर बेअरिंग आणि सिंक्रोच्या रिंगा चार वर्षांत गंजून बसल्या असणार. एवढंच नाही, जिप्सीत ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मधे आखूड प्रोपेलर शाफ्ट आणि मग तो वेगळा लटकलेला. त्याचं ऑइल वेगळं, दोन्ही ॲक्सलचं वेगळं. हवा जायच्या नळीतनं पाणी चारही ठिकाणी शिरतं. लोक इंजिन नवं बसवतात आणि मागच्या ॲक्सलमध्ये पंचगंगा तशीच घेऊन हिंडतात.

हा वेगळा ट्रान्सफर बॉक्स म्हणजे जोडकाम करणाऱ्याला वरदान बरं का. पुढं काही बदललं तरी फार तर मधला आखूड शाफ्ट कमी-जास्त करायला लागतो, मागचं सगळं जागच्या जागी. फक्त शाफ्ट कापून वेल्ड केला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत ठेवा आणि बॅलन्स करून घ्या. नाहीतर गाडी पन्हाळ्याला जाईपर्यंत दात वाजतील.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील, रिलीज बेअरिंग ही चौकडी एकाच गाडीची घ्या, या सालाची प्लेट आणि त्या सालाचं बेअरिंग असली खिचडी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्स बोल्टानं ओढून बसवू नका. क्लच प्लेट बरोबर मध्यावर असली की हातानं हलवत हलवत तो अंगाला लागतो. लागत नसेल तर काहीतरी अडतंय, परत काढा. पाना लावून आवळला की ॲल्युमिनियमचा कान तुटतो, मग माणूस पिशवीत तुकडा घेऊन आमच्याकडं आर्गन वेल्डिंगला येतो. आठवड्याला एक तरी येतोच. प्लेट सेंटर करायला जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला तर बघा, नाहीतर नायलॉनचा डमी फिरवून देतो. चहावर होईल.

पुणेरी_पाना

चूक मान्य. मी मित्राच्या रॅलीच्या जिप्सीत एस्टीमचं बघितलं होतं, त्याच्याकडे सुट्या भागांचं गोदामच होतं हे विसरलो.

जिप्सीवाली

माझ्या १९९९ च्या गाडीत नेमकं हेच केलंय. लोखंड दोन दिवसांत बसलं आणि वायरिंगनं पाच आठवडे खाल्ले. कारण विकणाऱ्यानं इंजिन काढताना वायरिंग कात्रीनं कापलं होतं. केसांची वेणी कापून द्यावी तसा गुच्छ हातात ठेवला.

म्हणून सांगते, शाहूपुरीकर, इंजिन विकत घेऊ नका, गाडी विकत घ्या. चेपलेली का असेना. तुम्हाला लागणार आहे ते असं: ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याचं आख्खं वायरिंग डॅशबोर्डपर्यंत, फ्यूजबॉक्स, सगळे सेन्सर, ॲक्सिलरेटरची केबल, एअर फिल्टरचा डबा, सायलेन्सरचा ऑक्सिजन सेन्सरवाला पुढचा पाइप. आणि पेट्रोलची टाकी.

टाकीवर जरा थांबते, कारण इथं लोक जीव धोक्यात घालतात. कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनावर असतो, दोन-चार पीएसआय दाबानं पेट्रोल पुढं ढकलतो. इंजेक्शनला साधारण तीन बार लागतो, म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय. पंप टाकीच्या आत. तुमचा जुना रबरी पाइप आणि स्क्रूच्या क्लिपा या दाबाला टिकत नाहीत. फुटला तर फवारा, आणि शेजारी तापलेला सायलेन्सर. माझ्या गाडीत एका फिटरनं बाहेरनं पंप लावून जुनाच पाइप ठेवला होता, राधानगरीच्या रस्त्यावर वास आला म्हणून थांबले. तेव्हा टाकी, पंप, पाइप, फिल्टर सगळं त्याच गाडीचं घ्या.

टायमिंग बेल्ट इंजिन जमिनीवर असतानाच बदला. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण भुईबावड्याच्या घाटात तुटला तर ही माहिती फार उपयोगाची नाही.

घाटमाथा_७२

सगळ्यांच्या विरोधात बोलतो. १९९८ ची गाडी आहे, वडिलांची आठवण आहे, तिला कॉम्प्युटर कशाला? ८ व्हॉल्व्हचं इंजिन बांधून घ्या. उद्यमनगरात कनेक्टिंग रॉड, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग सगळं एका गल्लीत होतं. कार्बोरेटर दाजीपूरच्या जंगलात बंद पडला तर दात घासायच्या ब्रशनं साफ करून घरी येता येतं. ईसीयू गेला तर झाडाखाली बसून काय करणार?

जिप्सीवाली

काका, मुद्दा अर्धा पटतो. पण तोच कार्बोरेटर उभ्या चढावर गाडी तिरकी झाली की फ्लोटमधलं पेट्रोल एका बाजूला गेल्यानं गुदमरतो. चिखलात चाक रुतलंय, नाक आभाळाकडं, आणि इंजिन बंद. इंजेक्शनला तो त्रास नाही. शिवाय पावसाळी सकाळी चोक ओढून बसायचं नाही.

घाटमाथा_७२

चोक ओढायची पण मजा असते हो. असो, तुमचं चालू द्या.

बंड्या_गडहिंग्लज

धाग्यात घुसतोय, माफी. माझी १९९१ ची जुनी जिप्सी, एमजी४१०, ९७० सीसी, चारचा गिअरबॉक्स. हायवेला चौथ्यात इंजिन ओरडतंय. किंगचा पाचचा गिअरबॉक्स माझ्या इंजिनामागं लावला तर? उद्यमनगरात ॲडॉप्टर प्लेट करून मिळेल का?

लेथवाला_उद्यमनगर

मिळेल. उद्यमनगरात काय मिळत न्हाई? बाबूराव पेंटरांनी कॅमेरा ज्या गावात बनवला तिथं प्लेट म्हणजे किरकोळ. पण ऐक भावा.

तुझं एफ१०ए इंजिन बिडाचं, घराणंच वेगळं. किंगच्या गिअरबॉक्सशी भोकं जुळत न्हाईत. मधे प्लेट घातली की प्लेट जेवढी जाड तेवढा गिअरबॉक्स मागं. म्हणजे इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशमधनं तेवढं बाहेर. आधार सुटला की शाफ्ट लोंबकळतोय, बुश खातंय, क्लच थरथरतोय. मग बुशला लांब गुल्ला कर, सेल्फ कुठं लागतो बघ, फ्लायव्हील पुढं-मागं कर. एवढं करून हाती काय? ४५ बीएचपीच्या इंजिनाला पाचवा गिअर. सपाटीला वाऱ्यासमोर ते इंजिन पाचव्यात ओढणारच न्हाई, तू परत चौथा टाकणार. प्लेटचे पैसे मला मिळतील, तरी सांगतोय, नको.

करायचं तर जी१३ आणि त्याचाच गिअरबॉक्स असा जोड घे. मग फाउंडेशन नवीन, मधला शाफ्ट मापानं, बोनेटला फुगा. आणि त्याच्या आधी ब्रेक. किंगला पुढं डिस्क आणि बूस्टर दिला तो उगाच न्हाई दिला.

बंड्या_गडहिंग्लज

मग ॲक्सलच बदलला तर? माझी अरुंद गाडी आहे, पुढच्या चाकांमधलं अंतर १२१० मिमी. १९९३ नंतरच्या रुंद गाडीचा १३१० वाला मागचा ॲक्सल एकाकडं पडून आहे.

लेथवाला_उद्यमनगर

एकटा मागचा घालू नको. फोर बाय फोर गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलचं दातांचं प्रमाण एकच पाहिजे. वेगळं असलं आणि तू फोर व्हील टाकलंस की एक ॲक्सल ओढतोय, दुसरा अडवतोय, मधे ट्रान्सफर बॉक्स पिळून निघतोय. साल, मॉडेल यांवर विश्वास ठेवू नको, आधीच्या मालकानं काय घातलंय देवाला ठाऊक. मोज. एकच चाक उचल, दुसरं जमिनीवर, हँडब्रेक सोडलेला, चाकाला उटीचा दगड लावलेला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरव आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोज. जो आकडा येईल तेच प्रमाण. खडूची खूण कर, म्हणजे पावपाव फेरा पण कळतोय. पुढच्याला पण तसंच, तिथं हब लॉक करायला विसरू नको.

कागदोपत्री

कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा गाभा. इंजिन बदलणं अशक्य नाही, पण आधी आरटीओची परवानगी आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद. न विचारता केलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तुमच्या बाजूनं एवढंच, की कंपनी तीच, मॉडेल तेच, इंधन तेच, सीसी तेवढेच. डिझेल घालायला निघाला असता तर मी 'विसरा' म्हणालो असतो.

चेपलेल्या गाडीच्या मालकाकडून विक्रीचा कागद घ्या, त्यावर इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही. त्याला सांगा की त्याची नोंदणी रद्द करून घे, नाहीतर एक इंजिन नंबर दोन आरसींवर राहील. त्या गाडीवर बँकेचं कर्ज बाकी आहे का ते बघा. पोलिसात त्या नंबरची तक्रार नाही ना, तेही. तुमची गाडी १९९८ ची, म्हणजे १५ वर्षांनी २०१३ ला नूतनीकरण झालं असेल, मग २०१८, मग २०२३. २०२३ चं राहिलंय ना? मग इंजिनाची नोंद आणि पासिंग दोन्ही गळ्यात आहे. आधी जाऊन अर्ज द्या, मग पाना हातात घ्या. विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर त्यांना इंजिन नंबर जुळला नाही की काय होतं ते मी जवळून बघितलंय.

शाहूपुरीकर

सगळ्यांचे आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला. लेथवाल्यांचं 'मागच्या ॲक्सलमध्ये पंचगंगा' ऐकून ते हसले आणि लगेच गाडीखाली घुसले. चारही ठिकाणी चहा निघाला. म्हणजे गिअरबॉक्स तिकडचाच. गाडी पूर्ण घेतोय. आरटीओत अर्ज दिलाय.

*(सात आठवड्यांनी)*

शाहूपुरीकर

मंडळी, धागा वर काढतोय. अहवाल.

परवानगी हातात आल्यावर गाडी टेंपोतनं आणली. आणायच्या आधी तिथंच बॅटरी लावून इंजिन चालवून बघितलं, मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकड्यांत फार फरक नव्हता, घेतली. वायरिंगचा प्रत्येक जोड सोडवायच्या आधी फोटो काढला आणि कागदी पट्टी चिकटवली. पट्ट्यांवर आईनं लिहिलं, तिचं अक्षर चांगलं आहे. त्यामुळं आमच्या ईसीयूच्या सॉकेटवर आता 'डावीकडचा मोठा' असं वळणदार अक्षरात लिहिलेलं आहे.

चेन कप्पी लावून जुनं इंजिन बाहेर काढलं. दोन नंबरचा रॉड वाकून केळं झाला होता. नवं इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवरच जोडले, लेथवाल्यांचा नायलॉनचा डमी वापरून. खरंच हातानं सरकत अंगाला लागला, बोल्ट नुसते दोन बोटांनी फिरले. त्या क्षणी वडिलांनी टाळी वाजवली. ट्रान्सफर बॉक्सही तिकडचाच घातला. दोन्ही ॲक्सल उघडून बेअरिंग आणि सील बदलले, प्रमाण खडूनं मोजलं, दोन्हीकडं एकच आलं. टाकी, पंप, पाइप जिप्सीवालीनं सांगितल्याप्रमाणे.

आणि आता घोळ. गाडी सुरू होते, पण कधी पटकन, कधी सेल्फ नुसता कण्हतो. चालू झाली की थोडं मिसिंग. चेक लाइट मनाला येईल तेव्हा लागतो. एका इलेक्ट्रिशियननं ईसीयू गेला सांगितलं, दुसऱ्यानं क्रँकचा सेन्सर. तिसऱ्याकडं जायची हिंमत नाही. एक विचित्र गोष्ट, चार-पाच वेळा सेल्फ मारला की ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते. हाताला चटका बसावा इतकी.

जिप्सीवाली

केबल गरम!! ईसीयूला हात लावू नका. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी लावलीय का?

लेथवाला_उद्यमनगर

हेच लिहायला आलो होतो. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतंय, बॉडीपासनं तुटलेलं. पट्टी नसली की सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट हुडकतोय आणि त्याला केबल सापडतीय. केबल म्हणजे हिटरच झाला मग. आणि बिचाऱ्या ईसीयूला खरा शून्य कुठला तेच कळत न्हाई, तो मनाला येईल ते सांगतोय.

शाहूपुरीकर

काय बोलू. जुन्या इंजिनाची पट्टी गंजून तुटली होती, फेकून दिली. नव्या गाडीची पट्टी तिच्या बॉडीला लटकत राहिली, बॉडी भंगारात गेली. फोटोत दिसतेय, आईची चिठ्ठीसुद्धा लावलेली आहे: 'काळी जाड, विसरू नये'.

आत्ता नवीन पट्टी आणून रंग खरवडून बसवली. अर्ध्या सेल्फला चालू. लाइट विझला. केबल थंड.

नाद_एकच

आईंना फिटर म्हणून ठेवा. बाकी सगळ्यांना सुट्टी.

कागदोपत्री

आरटीओ?

शाहूपुरीकर

काल झालं. साहेबांनी चासीची आणि इंजिनाची पेन्सिलनं छाप घेतली, विक्रीचा कागद, त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, सगळं बघितलं. इंजिनावरचा नंबर मातीनं भरला होता, ब्रश आणि पेट्रोलनं तिथंच पुसून द्यावा लागला. पुढं जाणाऱ्यांनी घरूनच पुसून न्यावा. पीयूसी पहिल्या फटक्यात. पासिंग आणि नवा इंजिन नंबर दोन्ही होतंय, कार्ड पोस्टानं येईल म्हणाले.

घाटमाथा_७२

पन्हाळा झाला का?

शाहूपुरीकर

कार्ड हातात आल्याशिवाय न्यायची नाही असं वडिलांनीच ठरवलंय. रोज संध्याकाळी ताडपत्री काढतात, पाच मिनिटं चालू ठेवतात, केबलला हात लावून बघतात आणि परत झाकतात.

बंड्या_गडहिंग्लज

माझ्या गाडीचे फेरे मोजले. पुढचं आणि मागचं वेगवेगळं निघालं! आधीच्या मालकानं काय केलंय काय माहीत. म्हणून फोर व्हील टाकल्यावर कुरकुरत होती तर. वेगळा धागा काढतो.

घाटमाथा_७२

शाहूपुरीकर, तो जुना कार्बोरेटर मॅनिफोल्डसकट विकायचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पुरातला असला तरी चालेल, ब्रश आहे माझ्याकडं.